भिंतीपलीकडच्या चौदा भाकऱ्या

उस्मानभाई लोहारांचे जादा धान्य मी बंद पाडले. दुसऱ्या कोणी नाही, मीच. त्या वेळी गल्लीत चार-पाच जणांवर संशय घेतला गेला आणि प्रत्येक वेळी गंभीरपणे मान हलवणाऱ्यांत मी पुढे होतो, हेही आताच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगले मत व्हायला नको.

युद्धाचे दिवस होते. नगरात रेशनिंग सुरू झाले होते आणि गल्लीतल्या माणसांची ओळख नावाऐवजी कार्डावरून होऊ लागली होती. पूर्वी लोक विचारत, "पोरंबाळं बरी आहेत ना?" आता विचारत, "कार्डावर किती?" आमच्या कार्डावर चार: मी, आमची ही आणि दोन मुली. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, गणित आणि शुद्धलेखन शिकवत असे. राहायला तोफखान्याच्या बाजूच्या एका गल्लीत दोन खोल्या. मधली भिंत सामाईक, आणि भिंतीच्या पलीकडे उस्मानभाई. त्यांची पुढे भट्टी आणि मागे घर. ती भिंत मातीची आणि इतकी पातळ, की त्यांच्या घरी कोणी शिंकले तर आमच्या धाकटीला "शतंजीव" म्हणायची सवय लागली होती.

त्याच भिंतीतून मला त्यांच्या भाकऱ्या ऐकू येत.

भाकरी थापण्याचा आवाज प्रत्येक बाईचा निराळा असतो. आमची ही थापते ती घाईघाईने, कोणी मागे लागल्यासारखी. उस्मानभाईंच्या घरच्या, म्हणजे भाभी, थापत त्या सावकाश. थप, थप, थप, मग एक लांब विसावा, तो भाकरी तव्यावर टाकण्याचा, आणि मग पुढचा गोळा. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी मी भिंतीशी पाट टाकून जेवायला बसत असे, तेव्हा ते विसावे मोजायची मला खोड लागली. गणिताच्या मास्तराला दुसरे काय सुचणार? आमच्या घरी आठ भाकऱ्या होत. त्यांच्या घरी चौदा.

आणि त्यांच्या कार्डावर माणसे तीन! उस्मानभाई, भाभी आणि उस्मानभाईंची म्हातारी आई. म्हातारीला दात नव्हते, ती दुधात कुस्करून अर्धी खायची. म्हणजे उरलेल्या साडेतेरा दोन माणसांत. हा भागाकार मी रोज करायचो आणि रोज उत्तर तेच येई.

"त्यांना एवढी ज्वारी मिळते कुठून?" मी एकदा हिला विचारले.

"अंगमेहनतीच्या माणसाला जादा रेशन असतं," ती म्हणाली. "लोहार आहेत ते. घण मारायचा म्हणजे काय गंमत आहे?"

"आणि मी काय करतो?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. उत्तर देण्यापूर्वी तिने पुष्कळ विचार केला, हे मला आवडले नाही.

"तुम्ही बोलता," ती म्हणाली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका धान्याच्या व्यापाऱ्याचा दुमजली वाडा होता. त्याच्या मागच्या दाराशी भर दुपारी बैलगाडी लागे आणि पोती उतरत. ती रेशनची नव्हती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते, आणि रेशनच्या कचेरीला तर गल्लीच्याही आधी ठाऊक असावे. त्या घरी दर गुरुवारी पुरणपोळी असे. मला त्यांचा कधीही हेवा वाटला नाही. त्यांचा हेवा करायचा म्हणजे मान फार वर करावी लागे. उस्मानभाईंचा हेवा मला बसल्या जागी, पाटावरून करता येत होता.

तर मी अर्ज केला. अर्ज हा माझा हातखंडा. गल्लीतल्या कोणाचेही कार्ड हरवो, कोणाकडे बाळ जन्मो, म्हातारे माणूस जावो, रेशनिंग कचेरीत जाणारा कागद माझ्याच हातचा असे. "विनंती विशेष" लिहिताना 'वि'ची वेलांटी मी अशी काढीत असे की कारकुनाने ती पाहूनच अर्धे काम करावे. शाईसुद्धा माझी स्वतःची. युद्धामुळे विलायती शाई मिळेनाशी झाली, तेव्हा मी घरीच हिरडे उकळून त्यात लोखंडाचा कीस टाकून शाई करू लागलो होतो. लिहिताना ती फिकट दिसे, वाळली की काळी होई आणि आठवड्याने कडांना तांबूस पडे. (लोखंडाचा कीस उस्मानभाई देत. कागदाच्या पुडीत बांधून, न मागता. हे कंसात लिहिले म्हणजे पाप थोडे कमी दिसेल, असे मला वाटले होते.)

पहिला अर्ज माझ्यापुरता होता. "अर्जदार रोज सहा तास उभ्याने अध्यापन करतो, फळा स्वहस्ते पुसतो, सबब त्यास अंगमेहनत करणाऱ्यांत गणावे." कचेरीतल्या हेडक्लार्कने तो वाचला आणि म्हणाला, "मास्तर, हात दाखवा."

मी हात पुढे केले. त्याने तळवे उलटेपालटे करून पाहिले, जसे बाजारात वांगी पाहतात. अंगमेहनतीच्या माणसाची ही त्यांची परीक्षा होती. तळहाताला घट्टे असले तर जादा धान्य. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकाचे एक टेंगूळ होते ते मी दाखवले.

"हा घट्टाच आहे की," मी म्हणालो.

"हा शाईचा डाग आहे," तो म्हणाला. "पुढचा माणूस या."

पुढचा माणूस एक हमाल होता. त्याने तळवा उघडला आणि हेडक्लार्कने न वाकता, लांबूनच सही केली. मी बाजूला उभा राहून ती सही पाहिली. त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात जे काही शिजत होते, त्याला भट्टी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसलो. भिंतीपलीकडे थप, थप, थप. बारा. तेरा. माझी तिसरी भाकरी मी मागितली तर ही म्हणाली, "मुलींना राहू दे." चौदा.

मी उठलो, हात धुतले आणि दुसरा अर्ज लिहायला बसलो.

त्यातले शब्द मला अजून पाठ आहेत. "सदर लोहार इसम जादा धान्य घेतो, परंतु लढाईमुळे लोखंड मिळत नसल्याने त्याची भट्टी बरेच दिवस थंडच असते. तीन तोंडांस रोज चौदा भाकऱ्या होतात. गरीब जनतेच्या तोंडचा घास असा एका घरी जावा हे न्यायाचे नाही." भट्टी थंड असते हे शुद्ध खोटे होते; घणाचे ठोके मला रोज भिंतीतून ऐकू येत. खाली सही, "एक हितचिंतक." अक्षर मात्र बदलायला विसरलो. खरे सांगायचे तर विसरलो नाही, बदलवेना. अक्षर वाईट काढायचे माझ्या हाताला जमलेच नाही. एक ओळ वाकडी काढून पाहिली आणि लाजून कागद फाडला.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी वह्या तपासत होतो. दारात उस्मानभाई उभे. उंच, सडपातळ माणूस, कपाळावर कोळशाची पूड, आवाज मात्र अगदी मऊ. हातात एक कागद.

"मास्तर, ह्ये काय आलंय कचेरीतून बघा. आपल्याला कुटं वाचता येतंय."

मी कागद घेतला, उलटून पाहिला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. लढाईत कागदाचीही टंचाई होती. सरकारने हुकूम काढला होता की एकाच बाजूला लिहिलेला कागद वाया घालवू नये. त्या हुकुमाला जागून कचेरीने उस्मानभाईंना पाठवलेली नोटीस माझ्याच अर्जाच्या कोऱ्या बाजूवर लिहिली होती!

"वाचा की," उस्मानभाई म्हणाले.

मी नोटिशीची बाजू वाचली. तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे, चौकशी होईपर्यंत जादा धान्य बंद करण्यात येत आहे, आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

"आनि मागं काय लिवलंय?"

"मागे?" मी म्हणालो. "मागे नियम आहेत."

"लई नियम हायेत," उस्मानभाई म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, दिव्यासमोर धरला आणि माझ्या 'एक हितचिंतक'वर अंगठा फिरवला. "झ्याक लिवल्यात."

मग कागदाची घडी घालत म्हणाले, "खुलासा तुमीच लिवा, मास्तर. तुमच्यावानी कुनाला जमायचं न्हाई."

आता यातून सुटायला कोणालाही पुष्कळ वाटा होत्या. ताप आला म्हणायचे, हात मुरगळला म्हणायचे. पण माझ्यातला अर्ज लिहिणारा जागा झाला होता. मी बसलो आणि स्वतःच्याच तक्रारीचा असा समाचार घेतला की काय सांगू. "तक्रारदार हा द्वेषबुद्धीचा मनुष्य दिसतो. दुसऱ्याच्या घरच्या भाकऱ्या मोजणे हे सभ्य गृहस्थास शोभत नाही." हे वाक्य लिहून झाल्यावर मी टाक खाली ठेवला आणि थोडा वेळ भिंतीकडे पाहिले. वाक्य चांगले उतरले होते. उस्मानभाईंनी मला ते दोनदा वाचायला लावले.

खुलासा द्यायला कचेरीत मीच गेलो. हेडक्लार्कने फाइल काढली. नोटीस पाठवण्यापूर्वी तक्रारीची एक नक्कल तिथे ठेवली असेल, अशी माझी समजूत होती. नक्कल नव्हती. पण हेडक्लार्कची स्मरणशक्ती उत्तम होती. त्याने खुलासा वाचला, 'वि'च्या वेलांटीवर बोट ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, तक्रार करणाराही तुमचाच विद्यार्थी दिसतो."

"असेल," मी म्हणालो. "पुष्कळ मुले शिकून गेली."

"हुशार आहे. भाकऱ्यांचा आकडा दिलाय त्याने. भिंतीला लागूनच राहत असणार."

"आकडे मुलांना येतातच," मी म्हणालो.

"खुलासा तक्रारीपेक्षा चांगला झालाय," तो म्हणाला. "आता इन्स्पेक्टर जागेवर येऊन पाहतील. पुढच्या मंगळवारी. तोवर धान्य बंदच."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडचा आवाज बदलला. सात. मी पुन्हा मोजले. सातच. चौदाच्या बरोबर निम्म्या. मला वाटले होते, हा आकडा ऐकून माझे पोट भरेल. तसे काही झाले नाही. आमच्या आठच्या आठच राहिल्या. सरकारने त्यांच्या सात काढल्या होत्या, पण त्यातली अर्धीसुद्धा माझ्या ताटात पडली नव्हती. हेव्याचे गणित मी मांडले तेव्हा ही बेरीज करायची राहिलीच होती.

दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट लक्षात आली. भट्टी गप्प होती. घणाचा आवाज नाही, भात्याचा सुस्कारा नाही. दाराशी केडगावच्या एका शेतकऱ्याचे गाडीचे चाक लोखंडी धाव बसवण्यासाठी टेकून ठेवले होते, ते तसेच.

"काय दुष्ट माणसं असतात," माझ्या ताटात भाकरी वाढताना ही म्हणाली. "कोणा मेल्याने तक्रार केली असेल? त्याच्या घशाखाली घास तरी कसा उतरत असेल?"

मी घास घेतला होता. तो उतरला नाही. मी पाणी प्यालो.

"पण भट्टी का बंद?" मी विचारले. "धान्य बंद झालं, लोखंड तर नाही झालं."

"गेनबा गेला ना."

गेनबा म्हणजे भट्टीवर घण मारणारा गडी. केडगावहून रोज चालत येई आणि दिवेलागणीला परत जाई. दोन म्हशींना पुरेल एवढी छाती. त्याला मी रोज पाहत असे, पण तो जेवतो हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"त्याला उस्मानभाईंकडेच जेवण असायचं," ही म्हणाली. "भात्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसायचा. गावात कळलं तर लोक नावं ठेवतील म्हणून. सात भाकऱ्या लागायच्या त्याला. पाच इथं खायचा आणि दोन बायकोला न्यायचा. केडगावात कुठलं आलंय रेशन? आता जेवायलाच नाही तर उपाशीपोटी घण कोण उचलेल? साखर कारखान्यावर गेलाय कामाला."

"सात?" मी म्हणालो.

"हो. म्हणून तर चौदा व्हायच्या. रविवारी गेनबा नसायचा तेव्हा सातच असायच्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते, कारण रविवारी सकाळी मी रेशनच्या रांगेत उभा असे. सहा दिवस मोजून मी सातव्याचा अंदाज बांधला होता. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

"तू पण मोजायचीस?" मी विचारले.

"सगळेच मोजतात," ती म्हणाली. "पण अर्ज नाही हो कोणी करत."

तिला सगळे कळले होते की काही कळले नव्हते, हे मला त्या दिवशी समजले नाही. नंतरही विचारायचा धीर झाला नाही.

सोमवारी संध्याकाळी उस्मानभाई पुन्हा दारात. "मास्तर, उद्या इन्स्पेक्टर येनार. भट्टी चालू दिसली पायजे. गेनबाला सांगावा धाडलाय, पन तो परवा येतोय. घण मारायला एक मानूस पायजे."

"गल्लीत कोणीतरी..."

"गल्लीत लई हायेत," उस्मानभाई म्हणाले. "पन मला तुमीच पायजे."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मी 'हो' म्हणालो. नाही म्हणायला मला तोंड कुठे होते?

मंगळवारी मी शाळेत रजेचा अर्ज दिला ("घरगुती अडचणीमुळे", हे तरी खरे होते) आणि सकाळी भट्टीवर हजर झालो. उस्मानभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. कोट काढायला लावला. टोपी काढायला लावली. धोतर गुडघ्यावर खोचायला लावले. डोक्याला स्वतःचे फडके बांधले. शेवटी माझ्या चष्म्याकडे पाहून म्हणाले, "चष्मेवाला घणकरी कुनी बघितला न्हाई, मास्तर."

"पण चष्म्याशिवाय मला दिसत नाही."

"दिसायचं काय कारन? मी हातोडीनं जिथं टिचकी मारीन तिथं तुमी घण टाकायचा. कान तर तुमचे चांगले हायेत."

हे वाक्य माझ्या मनात बराच वेळ फिरत राहिले.

भट्टी फुलली. उस्मानभाईंनी सांडशीत लाल पट्टी धरून ऐरणीवर ठेवली. मला ती लाल ढगासारखी दिसत होती. टिक. मी घण उचलला. घण उचलणे आणि घण उचलला जाणे यात फरक आहे; घण खांद्यापर्यंत गेला, तिथे त्याने विचार बदलला आणि माझ्या पाठीमागे उतरला. मी त्याच्याबरोबर दोन पावले मागे गेलो.

"पुढं, मास्तर. लोखंड पुढं हाय."

दुसऱ्या वेळी घण ऐरणीवर पडला. तिसऱ्या वेळी सांडशीवर. चौथ्या वेळी उस्मानभाई चपळाईने बाजूला झाले म्हणून आज ही गोष्ट विनोदी म्हणून लिहिता येते. पाचव्या वेळी खरोखर पट्टीवर! आतून भाभींनी "वा" म्हटलेले मला ऐकू आले. कान फक्त माझेच चांगले नव्हते तर.

तासाभराने इन्स्पेक्टर आला. तोपर्यंत मी घामाने निथळत होतो आणि माझे तळवे जळत होते. त्याचा आवाज तरुण होता, तेवढेच मला समजले.

"हे कोण?" त्याने विचारले.

"गडी हाय माझा," उस्मानभाई म्हणाले.

"नाव काय रे तुझे?"

आता मी गप्प राहायला हवे होते. नाहीतर काहीतरी "व्हय जी" म्हणायचे. पण वीस वर्षे मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवले होते.

"मी या भट्टीवर घण मारण्याचे काम करीत असतो," मी म्हणालो. "काम अत्यंत कष्टाचे आहे, याची आपण कृपया नोंद घ्यावी."

उस्मानभाईंच्या हातातला भाता थांबला.

"हात दाखव," इन्स्पेक्टर म्हणाला.

मी हात पुढे केले. या वेळी अभिमानाने. त्याने ते उघडले आणि भाभींना हाक मारून पाणी आणायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर लिंबाएवढे फोड आले होते, त्यातले दोन फुटले होते.

"हे घट्टे नाहीत, फोड आहेत," तो म्हणाला. "हा माणूस आज सकाळी कामाला लागलाय. कोण आहात तुम्ही?"

'तू'चे 'तुम्ही' झाले, तेव्हाच मी ओळखले की संपले. "मी शेजारचा मास्तर," मी म्हणालो.

"मग हा काय प्रकार आहे?"

मी सगळे सांगणार होतो. तोंड उघडलेही होते. पण उस्मानभाई पुढे झाले. त्यांनी गेनबाची गोष्ट सांगितली, त्याच्या सात भाकऱ्या सांगितल्या, तो उद्या येणार असल्याचे सांगितले. मग काही न विचारता स्वतःचे दोन्ही तळवे इन्स्पेक्टरपुढे धरले.

मला चष्म्याशिवायही ते दिसले. ते तळवे नव्हतेच. बैलाच्या खुराला कोणी बोटे लावली असती तर तसे दिसले असते.

इन्स्पेक्टरने वहीत लिहिले. "उद्यापासून जादा धान्य चालू," तो म्हणाला. "हे पहिल्याच दिवशी पाहिले असते तर झाले असते. पण तक्रार इतकी सुंदर लिहिली होती, की साहेबांना वाटले खरी असेल." जाता जाता माझ्याकडे वळला. "मास्तर, शेजारी असावा तर असा."

मी खाली पाहिले. खाली मला काहीच दिसत नव्हते, ते बरे झाले.

तो गेल्यावर भाभींनी हळद-तेल कढवून आणले. उस्मानभाईंनी माझे हात मांडीवर घेऊन त्यांना लेप लावला आणि जुन्या पंच्याच्या चिंध्यांनी दोन्ही पंजे बांधले, बोटांपर्यंत, अंगठ्यासकट. इतक्या हलक्या हाताने माझे बोट आईनेही बांधले नसेल.

"दुखतंय?"

"नाही," मी खोटे बोललो.

"मास्तर," लेप लावता लावता ते म्हणाले, "मला वाचता येत न्हाई. पन शाई वळखता येती. कडंला तांबडी पडत्ये ती गल्लीत एकाचीच. लोखंड माझ्याच भट्टीचं हाय. मी वळखनार न्हाई व्हय?"

माझ्या कानशिलांना भट्टी लागली.

"पहिल्याच दिवशी?"

"नोटीस हातात आली तवाच. मागच्या बाजूला."

"मग मला खुलासा का लिहायला लावलात?"

"म्हनलं, बघू तरी. ह्यो मानूस सोताला काय उत्तर देतोय." ते हसले. "लई चांगलं दिलंत."

मी म्हणालो, "उस्मानभाई, थांबा. मी घरी जातो आणि तुम्हाला सविस्तर लिहून..." आणि उठायला लागलो. सवयीने उजवा हात टाकासाठी पुढे गेला. हाताच्या जागी चिंध्यांचे एक बोचके होते. त्यात टाक काय, काठीसुद्धा धरता आली नसती. आणि मला कळले की आयुष्यात पहिल्यांदा काहीही न लिहिता बोलावे लागणार आहे. त्यात 'विनंती विशेष' नाही, 'सबब' नाही, शेवटी 'आपला नम्र' नाही.

आत तव्याचा आवाज झाला. भाभींनी पिठाला हात घातला होता. उस्मानभाई वाट पाहत होते. मला पुष्कळ मोठी वाक्ये सुचत होती आणि एकही नीट सुरू होत नव्हते.

"उस्मानभाई," मी म्हणालो, "तुमच्या भाकऱ्या मी मोजल्या. मला हेवा वाटला."

"आमीबी तुमच्या मोजायचो," आतून भाभी म्हणाल्या. "आठ. त्यातली एक वैनी रोज करपवायच्या. लई वाईट वाटायचं."

ते 'लई वाईट वाटायचं' ऐकले आणि माझे डोळे भरून आले. पुसायला हात नव्हते. चौदा भाकऱ्यांच्या घरी बसून कोणीतरी आमच्या आठव्या भाकरीसाठी हळहळत होते, आणि मी त्याच भिंतीला पाठ लावून अर्ज लिहीत होतो. मग मी दोन्ही बोचकी कशीबशी जोडली, नाक ओढले, आणि शुद्धलेखनाचा काही विचार न करता म्हणालो, "चुकलो हो, उस्मानभाई. माफ करा."